पाठीला पाठ

आमच्या यांनी मला वेणीला धरून अंगणात ओढत आणलं, तेव्हा मेसचे डबे न्यायला आलेली सगळी पोरं गेटपाशी उभी होती. दुपारची वेळ. स्वयंपाक उरकून मी नुकती यांच्या शेजारी आडवी झाले होते. कोपऱ्यातला तांब्या खणकन पडला आणि डोळा उघडायच्या आत माझं डोकं मागं ओढलं गेलं. उंबऱ्यावर गुडघा आपटला, पायरीच्या कडेवर ओठ फुटला. "बाहेर! बाहेर!" म्हणून हे गुरासारखे ओरडत होते. मोकळ्या अंगणात आल्यावर यांनी वेणी सोडली आणि धापा टाकत घराकडं बघत उभे राहिले. घर काही पडलं नाही. ते कधीच पडत नाही.

एका पोरीनं तोंडावर हात ठेवला. एका पोरानं मोबाइल काढला होता, मी बघितल्यावर तो गपकन खिशात गेला. मी रक्त थुंकलं आणि म्हणाले, "रांगेत उभं राहा. वरण गार होऊन राहिलंय."

हे म्हणजे सिद्धराम, माझे मालक. मारणाऱ्यालाही आम्ही 'अहो'च म्हणतो, काय करता. लातूर-पुणे स्लीपर गाडीवर ड्रायव्हर होते. रात्रभर दुसऱ्यांना झोपवत न्यायचं आणि दिवसा घरी येऊन आपण झोपायचं, असा धंदा. मी ट्यूशनवाल्या गल्लीच्या मागं मेस चालवते. मुखेड, कंधार, धर्माबाद, कुठकुठून पोरं डॉक्टर व्हायला लातुरात येतात. शिकवणारे शिकवतात, जेवू मी घालते.

तांब्याची रीत माझ्या सासूबाईंची. किल्लारीच्या अलीकडं यांचं गाव होतं. भूकंपानं गाव गेलं, धाकटा दीर भीमाशंकर गेला. कसा गेला ते घरात कुणी बोलायचं नाही आणि मी विचारलेलं कुणाला आवडायचं नाही. त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहताना सासूबाई पेला पालथा घालून त्यावर भरलेला तांब्या ठेवायच्या. जमीन हलली की तांब्या पडणार, आवाजानं जाग येणार. आजूबाजूच्यांनी वर्षा-दोन वर्षांत आपापले तांबे उचलून देवघरात नेले. सासूबाई मरेपर्यंत ठेवत राहिल्या आणि त्यांच्या मागं हे ठेवायला लागले. मी लपवला की शोधून आणायचे. तांब्या नाही तर डोळ्याला डोळा नाही.

आणि तो तांब्या पाडायचेही हेच! झोपेत हातपाय झाडायचे, पेल्याला लाथ लागायची, की झाला यांचा भूकंप.

झोपायचे उताणे. लग्न झाल्यापासून कधी कुशीवर झालेलं मी बघितलं नाही. दोन्ही हात छातीवर, नजर छताला. डोळा लागला की घोरणं सुरू, तुरीच्या खळ्यावर मळणीचं यंत्र लावल्यासारखं. घोरण्याचं मला काही नव्हतं. घोरणं थांबायचं, ते वाईट. छाती वर यायची, खाली जायची, पोट हिसके द्यायचं, पण आत हवा म्हणून जायची नाही. ओठ काळे पडायचे. मी वाट बघायची, बघायची, आणि मग बरगडीत गुद्दा घालायची. खर्रकन श्वास यायचा, डोळे न उघडता यांचा हात फिरायचा आणि माझ्या तोंडावर बसायचा. असा आमचा संसार. मी मारायची जागेपणी, हे मारायचे झोपेत. डाग दोघांच्याही अंगावर होते, पण पुरुषाचे बनियनखाली झाकतात, बाईचे तोंडावर दिसतात.

गल्लीनं ठरवून टाकलं की सिद्धराम बायकोला ढोरासारखा मारतो. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? मी पीठ मळत गप्प बसायची. झोपेतल्या माराला मी मार धरतच नव्हते.

मग एक दिवस सकाळी निजामोद्दीनभाई घरी आले. यांच्याच गाडीवरचे दुसरे ड्रायव्हर, लातूरचेच, चार पिढ्या गंजगोलाईच्या मागं राहणारे. चहा नको म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं.

"भाभी, बुरा मानू नका," ते म्हणाले. "तुमचा माणूस स्टेअरिंगवर घोरून राहिलता. मुरूडच्या पुढं गाडी खाली उतरली. मी चाक धरलं म्हणून वाचलो, न्हाई तर पूर्ण गाडी खड्ड्यात. मालक म्हणला, पहिले डाक्टरला दाखवा, मग चावी."

हे खाली मान घालून बसले होते. "जरासा डोळा लागला," म्हणाले.

"जरासा?" मी हातातलं लाटणं पोळपाटावर आपटलं. "मागं झोपलेल्यांच्या आयांनी तुमच्या जराशावर पोरं सोडलीत का?"

लातुरातल्या एका डॉक्टरीणबाईंकडं झोपेची तपासणी झाली. यांची झोप दिवसाची म्हणून दिवसाच केली. डोक्याला तारा, छातीला पट्टा, बोटाला चिमटा. मी बाहेर बाकावर. आत एकदम किंकाळी ऐकू आली आणि तारा लावणारा पोरगा नाक धरून बाहेर आला. बोटांतून रक्त गळत होतं. "काका झोपेत कुशीवर वळले आणि एकदम पिसाळले," म्हणाला. मी त्याला पदराचं टोक दिलं आणि माफी मागितली. दुसरं काय करणार?

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं. "उताणं झोपलं की यांची जीभ आणि घशातला मऊ भाग मागं पडतो. श्वासाची वाट मिटते. जीव गुदमरला की मेंदू हिसका देऊन जागं करतो. म्हणून हे हात झाडतात, म्हणून रात्री चाकावर डुलक्या येतात. झोप अशी होतच नाही."

"मग इलाज?"

"मशीन आहे. नाकावर मास्क लावायचा, त्यातून हवा जाते आणि वाट उघडी राहते." त्यांनी मास्क यांच्या तोंडाला लावून बघितला. यांनी तो दोन्ही हातांनी असा ओढला की पट्टा तुटून टेबलाखाली गेला. घाम फुटला होता. तोंडावर काही नको, एवढंच म्हणत राहिले.

बाईंनी कागद पुढं ओढला. "बरं. एक गोष्ट चांगली आहे. सगळ्यांचं तसं होत नाही, पण हे थोडा वेळ कुशीवर होते तेवढ्यात यांचा श्वास जवळजवळ थांबलाच नाही. घसा एका बाजूला झाला की वाट मोकळी राहते. तर कुशीवर झोपायचं. बनियनच्या पाठीला खिसा शिवा, त्यात टेनिसचा चेंडू घाला. उताणं झालं की टोचेल आणि आपोआप वळतील. वजन उतरवा. मग पुन्हा तपासू. तोवर गाडीला हात लावायचा नाही."

"आणि नाही झोपले कुशीवर तर?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, फुटलेल्या ओठाकडंही बघितलं. "तर हृदयावर येईल. एखाद्या दिवशी तुम्ही हलवाल आणि हे हलणार नाहीत."

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. नवरा कुशीवर वळला तर जगणार, उताणा राहिला तर जाणार. इतकी सोपी गोष्ट! औषध नाही, ऑपरेशन नाही, नुसतं अंग वळवायचं. आणि हा माणूस वळेना. मी ढकलायची, हे परत उताणे. मी उशी लावायची, हे उशी भिरकावायचे. चेंडू शिवला, तर यांच्या वजनाखाली तो दोन दिवसांत भाकरीसारखा चपटा झाला. समजावून झालं, रडून झालं, शेवटी मला संताप आला. मी खलबत्त्यातला दगडी बत्ता घेतला आणि पाठीच्या खिशात शिवून टाकला. आता बघू म्हटलं कसे उताणे होतात.

दुपारी हे जेवून आडवे झाले. बत्ता टोचला तसे वळले. वळले ते भिंतीकडं तोंड करून. पुढं भिंत, मागं दगड. क्षणभर मला वाटलं, जिंकले मी.

मग आतून असा आवाज आला की हातातली पळी गळून पडली. हे उठले, बनियन टराटरा फाडलं आणि बत्ता भिंतीवर फेकला. गिलाव्याचा पोपडा उडाला, आरसा फुटून काचा माझ्या पायावर पडल्या. मीही काही कमी नाही. "मरायचंय का तुमाला?" मी ओरडले. "माणसासारखं एका अंगावर झोपता येत न्हाई? ल्हान लेकरू झोपतंय!"

यांनी मला मारलं. कानाखाली, पूर्ण हातानं. मी भांड्यांच्या मांडणीवर जाऊन पडले आणि ताटं अंगावर कोसळली.

कानात शिट्टी वाजत होती. मी वर बघितलं तर यांचे डोळे उघडे होते. मला बघून, मला ओळखून मारलं होतं. इतक्या वर्षांच्या त्या आंधळ्या बुक्क्यांनी जे दुखलं नव्हतं, ते या एका चपराकीनं दुखलं. मी ताटांतून उठले, अंगणात गेले आणि मुखेडला माझ्या धाकट्या भावाला, रामलिंगला, फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो चुलतभावांना जीपमध्ये घालून आला. माझा सुजलेला गाल बघितला आणि काही न विचारता परत जीपकडं गेला. आला तो चाक खोलायची लोखंडी टॉमी घेऊन.

"दाजी, उठा," तो म्हणाला.

हे आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. उठले नाहीत. "मार," म्हणाले. "चुकलंय माझं."

टॉमी डाव्या खांद्यावर बसली. आत काहीतरी काडकन मोडलं, ते मला दारात ऐकू आलं. खोटं कशाला बोलू, पहिला दणका बसला तेव्हा मला बरं वाटलं. दुसरा पाठीवर बसला तेव्हा मी पुढं धावले. चुलतभावांनी लाथा घालायला सुरुवात केली. कपाळ फुटलं आणि फरशीवर रक्ताचा ओघळ आला. यांनी हात सुद्धा आडवा केला नाही. "रामलिंग, बस्स!" मी ओरडले. पण आता ते कुणाचं ऐकतात? बहिणीचा गाल बघितलेला भाऊ आणि सुटलेला बैल सारखाच.

"माझ्या आक्काला मारतो?" रामलिंगनं यांना एका अंगावर पाडलं, बरगडीत गुडघा रोवला आणि तोंड भिंतीच्या कडेला दाबून धरलं.

तेव्हा हे किंचाळले. तो आवाज यांचा नव्हता, एखाद्या पोरसवदा मुलाचा होता.

"भीमा, दम घे! भीमा, थांबू नको रे! येऊन राहिलेत लोक, फावडं वाजून राहिलंय! भीमा, दम घे!"

रामलिंगच्या हातातली टॉमी सुटली आणि शहाबादी फरशीवर खणखणत पडली.

तो आवाज झाला मात्र, हे उठले. खांदा मोडलेला, डोळ्यांत रक्त उतरलेलं. उजव्या हातानं यांनी रामलिंगची कॉलर पकडली आणि "बाहेर!" म्हणत त्याला दारातून फरफटत नेलं. उंबऱ्यावर त्याचं डोकं आपटलं तरी सोडलं नाही. अंगणात फेकून परत आत आले, माझा दंड धरला, मला ओढलं. मग एका चुलतभावाला, मग दुसऱ्याला. ज्यांनी हाड मोडलं त्यांना एकेक करून घराबाहेर काढलं आणि मग मोकळ्यावर उभे राहून छताकडं बघायला लागले.

रामलिंग धुळीत बसून होता. त्याच्या तोंडाला फेस आला होता. "आक्का," तो म्हणाला, "दाजी मारून न्हाई राहिले गं. बाहेर काढून राहिलेत."

"मला म्हाईत हाय," मी म्हणाले. "तुला आता कळलं."

निजामोद्दीनभाई यांना भेटायला येत होते, ते आरडाओरडा ऐकून धावत आले. त्यांनी यांना नळापाशी बसवलं, डोक्यावर पाणी ओतलं. गल्ली गोळा झाली होती, गेटवर पोरं. त्या सगळ्यांसमोर, कपाळावरचं रक्त पाण्याबरोबर गालावरून जात असताना, हे पहिल्यांदा भूकंपाच्या रात्रीबद्दल बोलले.

"गणपती बुडवून आलो होतो. मी अन् भीमा एकाच वाकळेत. वरचं मातीचं माळवद आलं अंगावर. मधी लाकडाची एक सर अडकली म्हणून जागा राहिली, इतुकीशी. मी एका अंगावर, तो एका अंगावर, तोंडाला तोंड. माझ्या पाठीला धोंडा. उजाडलं तसं फटीतून दिसलं, त्याच्या कपाळाला गुलाल तसाच व्हता. त्याचा दम माझ्या तोंडावर येत व्हता. मग थांबून थांबून यायला लागला. मग येईना."

निजामोद्दीनभाईंनी नळ बंद केला.

पाठीला धोंडा, पुढं तोंड. आणि मी काय शिवलं होतं या माणसाच्या पाठीला? मी घरात गेले, तो बत्ता उचलला आणि गल्लीच्या टोकाच्या नालीत फेकून आले. रोग रेड्याला, औषध पखालीला, तसली माझी डॉक्टरकी. भीमाशंकरसाठी मी त्या दिवशी पोटभर रडले. कधी न बघितलेला दीर माझा.

पण चपराकीचं वेगळं. दवाखान्यातून डावा हात गळ्यात बांधून आणल्यावर मी समोर बसले आणि सांगितलं, "झोपेत काय करता ते तुमच्या हातात न्हाई. पण परत डोळे उघडे ठेवून हात उचलला, तर रामलिंगला बोलावणार न्हाई. टॉमी मीच धरीन."

"हाव," हे म्हणाले. नजर वर उचलली नाही.

डावा खांदा गेल्यामुळं आता उजवी कूसच शिल्लक होती. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बजावलं होतं, की उताणं झालं की श्वास थांबणारच, आणि मोडक्या अंगाला आता ते झेपायचं नाही. मी विचारलं, "कुशीवर पडलं तर काय नको तुमाला?"

हे म्हणाले, "म्होरं भिंत नको. म्होरं कुणाचं तोंड नको."

"आणि पाठीला?"

"धोंडा नको."

मी गादी उघड्या दारात आणून टाकली. दारातून अंगण दिसतं, अंगणातून गेट, गेटातून रस्ता. दाराकडं तोंड करून हे उजव्या कुशीवर आडवे झाले. सगळं अंग थरथरत होतं. मी मागं जाऊन पडले, माझी पाठ यांच्या पाठीला टेकवून. चेंडू चपटा होतो, मी होणार नव्हते. दोनदा हे मागं रेलले, दोनदा मी कोपरानं ढोसलं. थरथर हळूहळू कमी झाली. माझ्या पाठीला यांची पाठ वर यायची, खाली जायची.

मग घोरणं ऐकायला मी कान लावला, आणि घोरणं आलं नाही.

आवाजच नाही. इतक्या वर्षांत मला एकच अक्कल आली होती. आवाज आहे तोवर माणूस आहे, आवाज थांबला की श्वास थांबला. बाहेर पोरं डबे घेऊन येत होती, कुठंतरी रिक्षा गेली, पण माझ्या शेजारी चिडीचूप. पाठ हलते का, ते मला भीतीनं कळेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तुम्ही हलवाल आणि हे हलणार नाहीत. मी झटकन वळले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून गुद्दा घातला. घातला तो नेमका मोडक्या खांद्यावर.

हे असे ओरडले की गेटपाशी एका पोरीच्या हातातला डबा पडला. उठून बसले, खांदा धरून कळवळले. हात मात्र फिरला नाही. समोर उघडं दार होतं, उजेड होता, आणि यांच्या डोळ्यांत झोप होती, खरीखुरी, गाढ, मोडलेली झोप.

"काय झालं?"

"थांबला वाटलं," मी म्हणाले. "आवाज येईना तुमचा. मला वाटलं थांबला."

गेटावरची पोरं बघत होती. आता गल्लीत जाणार, की मेसवाली काकू हात मोडलेल्या नवऱ्याला मारते. जाऊ दे.

हे माझ्या मुठीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "भीमाला बी असंच मारायचं व्हतं. एक गुद्दा. आला असता दम त्याचा." उजवा हात पुढं करून यांनी तो उघडला, मिटला. "ह्यो हात खाली दाबून व्हता. लई ओढला. निघालाच न्हाई."

मी तो हात धरला. किती वर्षं तो फिरत होता आणि माझ्या तोंडावर बसत होता.

हे परत आडवे झाले. उताणे नाही. त्याच कुशीवर, दाराकडं तोंड करून, आपण होऊन.

"परत थांबला वाटलं तर मार," म्हणाले. "जोरात मार."

मी पोरांना आपलं आपण वाढून घ्यायला सांगितलं. मग यांच्या पाठीला पाठ लावली आणि मूठ वळून जागी पडून राहिले.